वर्ल्ड ज्युनियर्स: दहा संघांचा क्रम लावायचा तरी कसा?

संगमेश्वरकर (वुडबरी, मिनेसोटा)

मंडळी, यंदाची वर्ल्ड ज्युनियर्स, म्हणजे वीस वर्षांखालच्या मुलांची आइस हॉकीची जागतिक स्पर्धा, आमच्या अंगणात आहे. २६ डिसेंबर २०२५ ते ५ जानेवारी २०२६. एक गट सेंट पॉलच्या ग्रँड कॅसिनो अरीनात (कालपरवापर्यंतचं एक्सेल एनर्जी सेंटर, लोकांच्या तोंडी अजून तेच नाव आहे), दुसरा मिनिआपोलिसला विद्यापीठाच्या मारियुची अरीनात. ऑफिसात वारं शिरलंय आणि पैज लागलीय. दहाही संघांचा पहिल्यापासून दहाव्यापर्यंत क्रम लावून स्पर्धेआधी एचआरच्या बाईंकडे द्यायचा. एखादा संघ जितकी घरं हुकेल तितके गुण वजा. ज्याचे सगळ्यात जास्त वजा, त्यानं अख्ख्या टीमला जेवू घालायचं. टीम एकवीस जणांची आहे, निम्मे लहानपणापासून हॉकी खेळलेले. भूक कशी असेल बघा.

खेळ मला अगदीच कळत नाही असं नाही. लेक स्क्वर्ट्समध्ये (लहान मुलांच्या वयोगटात) खेळते, तिच्या स्केट्सच्या नाड्या आवळायचं खातं माझ्याकडे आहे. ऑफसाइड, आयसिंग, पॉवर प्ले (समोरचा खेळाडू शिक्षेवर बाहेर, आपला एक जास्त) समजतं. पण जी पोरं वर्षभर वेगवेगळ्या क्लबांत, वेगवेगळ्या देशांत खेळतात आणि ख्रिसमसच्या तोंडावर एकत्र येतात, त्यांचा संघ म्हणून अंदाज बांधायचा कशावर? क्रिकेटच्या अंडर-१९ ला निदान आपल्याला आधीची मालिका बघायला मिळते.

गट असे आहेत. सेंट पॉलला अमेरिका, स्वीडन, स्लोव्हाकिया, स्वित्झर्लंड, जर्मनी. मिनिआपोलिसला कॅनडा, फिनलंड, चेकिया, लाटव्हिया, डेन्मार्क. नेटवर जिथे बघावं तिथे अमेरिका आणि कॅनडा वर, आणि कारण काय, तर ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएल या मोठ्या व्यावसायिक लीगचे क्लब नवी पोरं निवडतात तेव्हा, कोण कितवा गेला. अंतिम संघ अजून जाहीर व्हायचेत, तरी क्रम तयार! मला विचारायचंय ते हे: गेल्या वर्षीच्या निकालाला किती वजन द्यायचं? सरावाचे सामने बघायचे का? आणि माझा डुलुथचा एक सहकारी म्हणतो, आधी गोली (गोलरक्षक) बघ, बाकीचं मागाहून. तो थट्टा करतोय की खरंच सांगतोय, हे त्याच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नाही.


पहाटेचा प्रेक्षक (पुणे)

डोकं लावू नका. गेल्या वर्षीचा क्रम उचला आणि चिकटवा. २०२५ ला ऑटव्हात अमेरिका पहिली, फिनलंड दुसरा, चेकिया तिसरा, स्वीडन चौथा, कॅनडा पाचवा. मुलं दरवर्षी बदलतात, पण त्यांना घडवणारी व्यवस्था एका वर्षात बदलत नाही. चेकियाचंच घ्या: २०२३ ला रौप्य, २०२४ ला कांस्य, २०२५ ला पुन्हा कांस्य. याला योगायोग म्हणत नाहीत. कॅनडाला त्यांनी लागोपाठ दोन वर्षं उपांत्यपूर्व फेरीत घरी पाठवलंय, आणि २०२५ ला तर कॅनडा घरीच होता.

तुमच्याकडची संध्याकाळी पाचची मॅच म्हणजे इकडे पहाटे साडेचार. गजर लावून उठणाऱ्याचं मत आहे, त्या हिशेबानं मान द्यावा.


रंकाळा ते रिडो (ऑटव्हा)

संगमेश्वरकर, भावा, पुणेकरांचं ऐकून क्रम लावलास तर एकवीस ताटं मांडायच्या तयारीला लाग.

चिकटवायचंच असेल तर २०१७ ची गोष्ट ऐक. २०१६ ला हेलसिंकीत फिनलंडनं सोनं घेतलं. लाइने, पुल्युयार्वी, सेबॅस्टियन आहो, तिघं एकाच संघात. लई देखणा संघ. पुढच्या वर्षी तोच देश, तीच व्यवस्था, आणि पहिले तीनही सामने हरले. त्यातला एक डेन्मार्ककडून. स्पर्धा चालू असताना कोच काढला. गतविजेते खालच्या विभागात जायचं टाळायला लाटव्हियाशी झुंजत होते, शेवटी नववे आले. मधेच आणलेला तो कोच युसी अहोकास, त्यानंच २०१९ ला व्हँकुव्हरात परत सोनं जिंकून दाखवलं. आता यात व्यवस्था कुठं बिघडली आणि कुठं सुधारली, सांग मला.

ही स्पर्धा एकोणीस वर्षांच्या पोरांची आहे. कॅनडाचा सतरा वर्षांचा बेडार्ड २०२३ ला २३ गुण (गोल आणि गोलाचे पास मिळून) करून गेला ते खरं, पण असला पोरगा दरवर्षी निपजत नाही. यंदा १ जानेवारी २००६ पासून पुढं जन्मलेलेच चालतात, म्हणजे गेल्या वर्षीचे २००५ चे सगळे बाहेर. मी काय करतो, गेल्या वर्षीच्या याद्या छापून घेतो, पेन्सिल घेतो आणि २००५ वाले खोडतो. बायको म्हणते दिवाळीच्या फराळाची यादी कधी एवढ्या मन लावून केली नाहीस. खोडून झाल्यावर जे उरतं, तिथनं विचार सुरू करायचा.

आणि खोडायला सुरुवात गोलीपासनं करायची. तुझा डुलुथवाला थट्टा करत नाही. गेल्या वर्षी अमेरिकेचा ट्रे ऑगस्टिन होता, २०२४ आणि २०२५ ची दोन्ही सोनी त्याच्या खात्यात. जन्म २००५, खोड. चेकियाचा मिखाएल ह्राबल, भिंतीसारखा उंच पोरगा, २००५, खोड. लाटव्हियाचा लिनार्ड्स फेल्डबर्ग्स, तोही खोड. म्हणजे पुणेकरांच्या यादीतला पहिला आणि तिसरा संघ गोलमध्ये नवीन माणूस उभा करणार. फिनलंडचा पेटेरी रिम्पिनेन मात्र २००६ चा. गेल्या वर्षी स्पर्धेतला सर्वोत्तम गोली ठरला तो, आणि तेव्हा त्याला एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंही नव्हतं. कॅनडाचा कार्टर जॉर्जही २००६ चा, गेल्या वर्षी त्याचे दोन शटआउट (एकही गोल न खाता जिंकलेले सामने) होते, एक फिनलंडविरुद्ध, एक जर्मनीविरुद्ध. हे दोघं आले तर मिनिआपोलिसच्या गटाचं पारडं जड आहे असं मी म्हणेन.

फेल्डबर्ग्सचं नाव निघालंय तर सांगतोच. २७ डिसेंबर २०२४, कॅनडा विरुद्ध लाटव्हिया. कॅनडाच्या सामन्यांची तिकिटं आमच्या खिशाला झेपणारी नव्हती, म्हणून मी टीव्हीसमोर. त्या पोरानं ५५ शॉट अडवले. मग शूटआउट, आणि लाटव्हिया ३–२ नं जिंकला. अख्ख्या देशात कोण खेळतं तर चिमूटभर पोरं, आणि समोर वीस सोन्यांचा धनी. आमच्या गल्लीतले शेजारी दुसऱ्या दिवशी बर्फ ओढताना एकमेकांशी बोलत नव्हते. त्याच सामन्यात मॅथ्यू शेफरचं कॉलरबोन मोडलं, जो पुढं जूनमध्ये ड्राफ्टला पहिला गेला. म्हणजे कागदावरचा संघ दुसऱ्याच दिवशी कागदावर राहिला नाही.

मी तिकिटं घेतली होती दुसऱ्या गटाची, टीडी प्लेसची. फुटबॉल स्टेडियमच्या स्टँडखाली दडलेला जुना रिंक, सीट अरुंद, पण बर्फ इतका जवळ की पोरं एकमेकांवर ओरडतात ते ऐकू येतं. तिथं स्वीडन बघितला. काय खेळत होते! गटात चारपैकी चार जिंकले. माझ्या शेजारी बसलेला माणूस म्हणाला सोनं यांचंच. मी गप बसलो, कारण स्वीडनचा इतिहास मला पाठ आहे. २००७ पासनं २०२० पर्यंत त्यांनी गटातले लागोपाठ ५४ सामने जिंकले. चोपन्न! तेवढ्या वर्षांत सोनं किती? एक, २०१२ चं. गेल्या वर्षीही चार जिंकून शेवटी चौथे, गळ्यात काही नाही. उलट फिनलंड पहिल्याच दिवशी कॅनडाकडून ४–० असा मार खाऊन बसला होता. तो अंतिम सामन्यात पोचला आणि अमेरिकेशी ओव्हरटाइमला ४–३ नं हरला. ज्यानं मारलं तो कॅनडा पाचवा. गटातल्या निकालावर भुलायचं नाही ते यामुळं.

आता तू विचारशील, गोली सोडून बाकीच्यांचं काय. पोरगं कुठल्या लीगमध्ये खेळतंय ते बघ. गुण किती केले ते नंतर. गांधी मैदानावर चार गोल मारणारा आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाविरुद्ध एक मारणारा, यातला कोण घ्यायचा हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही कळतं. इथंही तसंच. स्वीडनचा इवार स्टेनबर्ग अठरा वर्षांचा आहे आणि फ्रोलुंडाकडनं मोठ्या माणसांच्या लीगमध्ये गोल-पास करतोय. तिशीतले, दाढीवाले, पोराबाळांचे बाप त्याला बोर्डवर चेपायला येतात. त्या लीगमधला एक गुण कॅनडाच्या ज्युनियर लीगमधल्या दोन-तीनच्या तोडीचा, असं माझं मत. म्हणून गुणांचा तक्ता लावणाऱ्या साइटवर स्वीडिश आणि फिनिश पोरं खाली दिसतात आणि लोक फसतात.

यंदा त्यात आणखी एक गुंता आहे. पूर्वी कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये खेळलं की अमेरिकेच्या कॉलेज हॉकीचं दार बंद व्हायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएनं (अमेरिकेच्या कॉलेज खेळांची संघटना) तो नियम बदलला आणि या मोसमापासनं पोरं धडाधड कॉलेजात गेली. गॅव्हिन मॅकेन्ना मेडिसिन हॅट या कॅनडातल्या ज्युनियर क्लबकडनं गेल्या मोसमात ५६ सामन्यांत १२९ गुण करून आता पेन स्टेटला आहे. पोर्टर मार्टोन मिशिगन स्टेटला. कॉलेजात सामने कमी, समोरचे बावीस-तेवीस वर्षांचे. आकडा घसरलेला दिसेल. त्यावरनं पोरगं घसरलं असं कुणी म्हटलं तर तुझ्या पैजेत तो तुझ्या खाली येणार हे धरून चाल.

कॅनडाबद्दल मात्र माझं डोकं फिरतं. गेल्या वर्षी त्यांनी मायकेल मिसा, झेन पारेख, बेकेट सेनेके यांना घरी ठेवलं. का, तर चौथ्या लाइनला (आलटून पालटून उतरणाऱ्या फॉरवर्डच्या तिकड्यांतली शेवटची) राबणारी, अंगावर जाणारी पोरं पाहिजेत. पन्नास-साठ सामन्यांच्या मोसमात ते ठीक आहे हो. दहा दिवसांच्या स्पर्धेत चौथी लाइन बर्फावर असते किती वेळ? पाच सामन्यांत गोल झाले तेरा. वर पेनल्टी बॉक्समध्ये रांग. या स्पर्धेत डोक्याला दिलेली धडक पंच सोडत नाहीत, निदान दोन मिनिटं, जोरात लागली तर पाच मिनिटं आणि सामन्यातनं बाहेर, थेट आंघोळीला. घरच्या लीगमध्ये ज्याला टाळ्या पडतात त्यालाच इथं शिट्टी. त्यामुळं कॅनडाचा अंतिम संघ जाहीर झाला की आधी हे बघ, गोल मारणारे किती घेतले आणि हाणामारीवाले किती. त्यावर मी त्यांना एक-दोन घरं वर-खाली करतो.

आणि नावं वाचून हरखू नको. वयात बसतो म्हणजे येतोच असं नाही. शेफर आयलँडर्सकडनं आणि सेलेब्रिनी सॅन होजेकडनं एनएचएलमध्ये खेळतायत. दोघंही वयानं पात्र, पण क्लबनं सोडलं तर. असली पोरं सोडत नाहीत. अमेरिकेचं यात बरं असतं, त्यांची बरीच पोरं कॉलेजात, कॉलेजं सोडतात. कोल हटसन, जेम्स हेगन्स दोघंही २००६ चे, दोघंही पुन्हा खेळू शकतात, आणि हटसन डिफेन्समन असून गेल्या वर्षी स्पर्धेत सगळ्यात जास्त गुण त्याचे होते.

सरावाच्या सामन्यांचा स्कोअर बघायचाच नाही. अर्धा सामना एक गोली, अर्धा दुसरा, कोच जोड्या लावून बघत असतो. फक्त एवढं टिपून घे: शेवटच्या सराव सामन्याला गोलमध्ये कोण होता आणि पहिल्या पॉवर प्लेला कुठली पाच पोरं आली. तेवढं कोच लपवू शकत नाही.


गोलीची आई (वॉटर्लू, ओंटारियो)

रिडोदादांचं बरंचसं पटलं, पण गोलीच्या बाबतीत थोडं थांबा. माझा मुलगा गोली आहे (या पातळीचा नव्हे, त्याची आई असूनही सांगते), त्यामुळे गेली कित्येक वर्षं मी फक्त गोली बघते. लोक पकमागे (खेळाची रबरी चकती) पळतात, मी जाळ्याजवळच्या काचेपाशी उभी.

एका सामन्यातले ५५ सेव्ह बघून संघाला वर चढवायचं? मला तर त्या आकड्यात लाटव्हियाचा बचाव किती फाटला होता तेच दिसतं. असं रोज निभत नाही. तेच लाटव्हिया पुढे उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनकडून हरलं. एकाच गोलानं हरलं, मान्य, पण हरलं. या स्पर्धेत गोलीच्या वाट्याला जेमतेम पाच-सात सामने येतात. एवढ्यावरून अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाबद्दल ठाम काही बोलणं मला जड जातं. पाच सामने चांगले गेले तर तो सर्वोत्तम, पाच वाईट गेले तर त्याचं नाव कुणाला आठवत नाही.

मी काय बघते ते सांगते. या शरद ऋतूत तो किती सामने खेळलाय. युरोपातल्या मुलांची इथे गंमत होते. मोठ्यांच्या संघात नाव आहे म्हणून सगळे खूश, पण तो दुसरा गोली असतो, दार उघडायला आणि पाण्याच्या बाटल्या द्यायला. दोन महिने बाकावर बसून आलेला मुलगा २६ तारखेला थेट कॅनडासमोर उभा राहतो. त्यापेक्षा एखाद्या रडक्या क्लबमध्ये रोज चाळीस शॉट खाणारा मुलगा मला चालेल. त्याला सवय असते. रिडोदादांचा ‘मोठ्यांची लीग म्हणजे चांगली’ हा नियम फॉरवर्डला लावा, गोलीला लावू नका.

दुसरं, दुसरा गोली कोण आहे तेही बघा. एक दिवसाआड, कधी लागोपाठच्या दिवशी सामने असतात, नवीन वर्षाच्या आदल्या रात्री गटातला सगळ्यात मोठा सामना आणि एक दिवस मध्ये घेऊन उपांत्यपूर्व फेरी. यंदाही ३१ डिसेंबरला अमेरिका–स्वीडन आणि कॅनडा–फिनलंड आहेत. ज्या कोचला दुबळ्या संघाविरुद्ध दुसरा गोली बिनघोर खेळवता येतो, त्याचा पहिला गोली २ जानेवारीला ताजा असतो. लाटव्हिया, डेन्मार्क, जर्मनी यांना ती चैन नसते. त्यांना प्रत्येक गुण हवा, म्हणून एकच मुलगा उभा. मग तो दमतो. बाहेरून दिसत नाही, पण गुडघ्यावर बसून उठायला त्याला अर्धा सेकंद जास्त लागायला लागतो आणि पक तेवढ्यात आत गेलेला असतो.

संगमेश्वरकर, लेकीला गोली करू नका. सामानाचा खर्च वेगळा आणि रक्तदाबाच्या गोळ्या वेगळ्या.


पहाटेचा प्रेक्षक (पुणे)

‘गोलीला गोळ्या’ हे मुद्दाम की अनवधानाने? असो.

रिडोसाहेब, एक उदाहरण देऊन नियम मोडत नाही. फिनलंडचं २०१७ हा अपवाद होता म्हणूनच आठ वर्षांनी तुम्हाला आठवतोय. तुमची पेन्सिल सगळ्यांचेच २००५ वाले खोडते ना? मग सगळेच सारखे रिकामे झाले, आणि भरून कोण काढणार हे पुन्हा व्यवस्थेवर आलं. अमेरिका प्लिमथच्या राष्ट्रीय प्रशिक्षण कार्यक्रमात मुलांना सोळाव्या वर्षापासून एकत्र खेळवते. ती मुलं दोन वर्षं एकमेकांना पास देत असतात. संगमेश्वरकरांचं ‘ख्रिसमसच्या तोंडावर एकत्र येणारी पोरं’ हे वर्णन कॅनडाला लागू आहे, अमेरिकेला तेवढं नाही. लागोपाठ दोन सोनी त्यांनी याआधी कधीच घेतली नव्हती, आता घेतली. त्याचं कारण शोधायला ऑगस्टिनच्या जन्मतारखेपर्यंत जायची गरज नाही.


रंकाळा ते रिडो (ऑटव्हा)

प्लिमथचा मुद्दा बरोबर आहे, तो मी लिहायला पाहिजे होता असं बायको म्हणतेय, मी म्हणत नाही. :) फक्त त्यातली एक मेख सांगतो. अठरा वर्षांखालच्या स्पर्धा बघून या पोरांचा अंदाज बांधायचा तर कुठली स्पर्धा कुणाची हे माहीत पाहिजे. ऑगस्टमधल्या ह्लिंका–ग्रेट्झ्की कपला कॅनडा आपली सगळ्यात भारी पोरं पाठवतो, अमेरिका प्लिमथवाली पोरं सहसा पाठवत नाही. एप्रिलमधल्या अंडर-१८ जागतिक स्पर्धेला उलटं, प्लिमथची अख्खी टोळी येते, पण कॅनडाची बरीच पोरं आपापल्या क्लबच्या प्लेऑफमध्ये अडकलेली असतात. म्हणून ऑगस्टमध्ये कॅनडा जिंकला याला मी काही किंमत देत नाही. पण एप्रिलमध्ये जिंकला की कान टवकारतो. २०२४ ला एस्पोमध्ये जिंकला, अमेरिकेला ६–४ हरवून, मॅकेन्नाचे तीन गोल. तीच पोरं आता अठरा-एकोणीसची आहेत किंवा व्हायला आलीयत. पुणेकर, हे तुमच्याच हिशेबानं झालं, व्यवस्था नाही, पण पिढी.

गोलीच्या आई, बाकावरच्या गोलीचं तुमचं म्हणणं एकदम मान्य. यंदा कोण किती सामने खेळलाय ते आज रात्री काढतो.


संगमेश्वरकर (वुडबरी, मिनेसोटा)

सर्वांचे आभार, वाचनखूण साठवली. डुलुथवाल्याला विचारलं तेव्हा तो इतकंच म्हणाला, ‘मी सांगितलं होतं’, आणि कॉफी घेऊन गेला.

माझा कच्चा क्रम असा: अमेरिका, स्वीडन, कॅनडा, फिनलंड, चेकिया. याच्या पुढं मात्र अंधार आहे. स्लोव्हाकिया, स्वित्झर्लंड, लाटव्हिया, जर्मनी, डेन्मार्क, यांचं काय करू? वरचे पाच सगळेच जवळपास बरोबर लावणार, पैज खरी खालच्या पाचांत हरली-जिंकली जाणार असं मला वाटतं.


रंकाळा ते रिडो (ऑटव्हा)

आता तू पैजेचं बोललास. बरोबर पकडलंस.

पाच ते आठ हे नंबर खेळून ठरत नाहीत. उपांत्यपूर्व फेरीत जे चार हरतात त्यांची क्रमवारी गटात ते कितवे होते आणि गुण किती होते यावर लागते. म्हणूनच कॅनडा दोन वर्षं तिथं हरूनही पाचवाच आला, सातवा-आठवा नाही. त्यामुळं तुझ्या वरच्या पाचांपैकी जो उपांत्यपूर्व फेरीत पडेल तो पाचवा-सहावा, यापेक्षा खाली फारसा जात नाही. मग स्लोव्हाकिया सहावा, स्वित्झर्लंड सातवा, लाटव्हिया आठवा किंवा ते दोघं उलटे, यात तुझं एखाददुसरं घर चुकेल, जास्त नाही.

नववा आणि दहावा मात्र खेळून ठरतो. दोन्ही गटांतले शेवटचे एकमेकांशी भिडतात, हरणारा खालच्या विभागात. जर्मनीच्या गटात अमेरिका आणि स्वीडन, डेन्मार्कच्या गटात तर कॅनडा, फिनलंड, चेकिया तिघंही. गेल्या वर्षी जर्मनीनं कझाकस्तानला ४–३ असं ओव्हरटाइममध्ये हरवून जीव वाचवला, आणि कझाकस्तानच्या जागी डेन्मार्क वर आलाय. खालच्या विभागातनं नुकत्याच आलेल्या संघाला पहिलं वर्ष जड जातं. पण डेन्मार्कचा भरवसा नाही, २०१५ ते २०१७ तीन वर्षं लागोपाठ उपांत्यपूर्व फेरीत होते ते. मी जर्मनी नववा, डेन्मार्क दहावा लावलाय. गोली कोण येतोय हे कळेपर्यंत शाई वापरू नको.

आणि कॅनडा–चेकिया पहिल्याच दिवशी, २६ ला मारियुचीला आहे. त्याचं तिकीट तुझ्याकडं असेल तर मी विमानात बसतो.


पहाटेचा प्रेक्षक (पुणे)

डेन्मार्क दहावा? हे मात्र पटलं. कारण वेगळं आहे, पण ते सांगितलं तर रिडोसाहेब बदलतील.


गोलीची आई (वॉटर्लू, ओंटारियो)

संगमेश्वरकर, लेकीला त्या नवव्या-दहाव्याच्या सामन्याला न्या. तिकीट स्वस्त असतं, हॉल अर्धा रिकामा, काचेपर्यंत जाता येतं. आणि तिथली मुलं पदकवाल्या सामन्यांपेक्षा जास्त जीव तोडून खेळतात.


संगमेश्वरकर (वुडबरी, मिनेसोटा)

विचारलं तिला. म्हणते, गोलीच्या मागच्या काचेपाशी बसायचं असेल तरच येईन. ताई, तुम्ही हे काय करून ठेवलंत.